पत्रिकेत आपलं नाव नसतं तेव्हा: नाकारलेपणातून बरं होण्याची ख्रिस्ती वाट

धाकट्या भावाचं लग्न ठरतं, पत्रिका छापून येते. 'आपले विनीत' खाली काका, मामा, आत्या, चुलत भावंडं, सगळी ओळीने आहेत. कोपऱ्यात लहानग्या पुतण्याच्या तोंडची ओळसुद्धा आहे, 'आमच्या काकाच्या लग्नाला यायचं हं!' फक्त एका बहिणीचं नाव नाही. तिने बाप्तिस्मा घेतला म्हणून, जातीबाहेर लग्न केलं म्हणून, किंवा नवऱ्याचं घर सोडून आली म्हणून. तोंडावर कोणीच काही बोललेलं नाही. पत्रिकेने सांगून टाकलं.

स्थळाकडून आलेला नकार, वडिलांनी टाकलेलं बोलणं, मोडलेला संसार, मंडळीतल्याच (आपल्याच चर्चमधल्या) लोकांनी फिरवलेली पाठ, या सगळ्यांचा ठणका वेगवेगळा असतो. तरी त्यातून बाहेर यायची वाट बरीचशी सारखी आहे. म्हणून खाली पत्रिकेचंच उदाहरण धरून पुढे जाऊ. तुम्ही फादरांकडे जात असा की पाळकसाहेबांकडे, पायऱ्या त्याच.

आधी एक गोष्ट स्पष्ट करून टाकू. अशा माणसाला मंडळीत पहिला सल्ला मिळतो तो 'माफ कर आणि पुढे चल' हा. सल्ला खरा आहे, पण तो पहिल्या दिवशी देणं चूक आहे. पू न काढता वरून टाके घातले तर जखम आत चिघळते. पवित्र शास्त्रातला क्रम निराळा दिसतो: आधी शरीर सावरायचं, मग देवापुढे तक्रार, मग मनात रुतलेल्या खोट्याची झडती, मग क्षमा. समेट त्याही पुढे, आणि तोही प्रत्येक वेळी होईलच असं नाही.

पहिले दोन आठवडे: जेवण, झोप आणि काय करायचं नाही

१ राजे १९ उघडा. ईजबेल राणीच्या धमकीने पळालेला संदेष्टा एलीया रानात एका झुडपाखाली बसून मरण मागतो. देवदूत येतो, पण ना उपदेश करतो ना वचन देतो. निखाऱ्यांवर भाजलेली भाकर आणि पाण्याचा कुंजा ठेवून 'ऊठ, खा' एवढंच म्हणतो. एलीया खातो आणि पुन्हा झोपतो. देवदूत दुसऱ्यांदा येतो, पुन्हा खाऊ घालतो. 'तू इथे काय करतोस?' हा प्रश्न देव विचारतो तो पुढे चाळीस दिवसांची वाट चालून झाल्यावर.

नाकारलं जाणं शरीरालाही लागतं. २००३ साली अमेरिकेतल्या संशोधकांनी माणसांना मेंदूच्या स्कॅनरमध्ये झोपवून संगणकावर चेंडू टाकायचा साधा खेळ दिला आणि मधूनच त्यांच्याकडे चेंडू येणं बंद केलं. तेव्हा मेंदूचा जो भाग जास्त सक्रिय झाला, तो शारीरिक वेदनेतही सक्रिय होतो. खेळातल्या अनोळखी माणसांनी वगळलं तर एवढं होतं, मग सख्ख्या भावाने वगळल्यावर दोन रात्री झोप लागली नाही यात विश्वास कमी पडल्याचं काहीच लक्षण नाही.

म्हणून पहिले दोन आठवडे साधेच नियम ठेवा. दोन वेळचं जेवण वेळेवर, भूक नसली तरी वरण-भात. दिवसातून अर्धा तास चालणं. रात्री दहानंतर त्या माणसाला उत्तर पाठवायचं नाही, फार तर लिहून ठेवा आणि सकाळी वाचा. मुळातच अन्न जात नसेल तर उपवास-प्रार्थना या काळात नको; शरीर आधीच उपाशी आहे. आणि व्हॉट्सअ‍ॅपच्या स्टेटसला टोमणा म्हणून वचन लावू नका. 'माझ्या शत्रूंदेखत तू माझ्यापुढे ताट वाढतोस' ही ओळ नातेवाइकांना दिसावी म्हणून टाकली की स्तोत्र २३ चा दगड होतो, आणि तो परत आपल्याकडेच येतो.

दोन आठवड्यांनंतरही झोप परतली नाही, कामावर जाणं जमेना, किंवा जगणंच नको असे विचार येऊ लागले, तर डॉक्टरांकडे जा. जगणं नको वाटत असेल तर दोन आठवड्यांचीही वाट पाहू नका. १४४१६ ही केंद्र सरकारची टेलिमानस हेल्पलाइन फुकट आहे आणि चोवीस तास चालते. गोळी घेतली म्हणून प्रार्थना उणी पडत नाही. शुभवर्तमान लिहिणारा लूक स्वतः वैद्य होता.

विलाप लिहायचा कसा

सगळ्यात जास्त वेळ द्यायचा तो या पायरीला, आणि नेमकी हीच पायरी आपल्याकडे गाळली जाते. स्तोत्रसंहितेतली जवळजवळ एक तृतीयांश स्तोत्रं विलापाची आहेत, तरी उपासनेत आपण गातो ती बहुतेक स्तुतीची. त्यामुळे देवापुढे रडगाणं गाणं म्हणजे कुरकुर, असा समज पक्का बसलेला असतो. कुरकुर आणि विलाप यांतला फरक सोपा आहे. कुरकुर देवाविषयी दुसऱ्याशी केली जाते, विलाप देवाशीच केला जातो.

नमुना म्हणून स्तोत्र १३ घ्या. सहाच वचनं आहेत आणि दोन-दोनचे तीन भाग सरळ दिसतात. वचनं १ आणि २ तक्रारीची, त्यात 'कोठवर?' हा प्रश्न चार वेळा येतो. ३ आणि ४ मागणीची. ५ आणि ६ भरवशाची. तुमचा विलापही याच तीन भागांत लिहा.

साधन म्हणून वही आणि पेन. फोन नको, कारण त्याच फोनवर ती पत्रिका आहे. वेळ वीस मिनिटं, गजर लावून. तक्रारीला दहा, मागणीला पाच, भरवशाला तीन, आणि उरलेल्या दोन मिनिटांत लिहिलेलं हळू आवाजात वाचायचं. पहिल्या आठवड्यात पाच दिवस, नंतर आठवड्यातून एकदा. एकत्र कुटुंबात वही ठेवायला जागा नसते हे माहीत आहे. अशा वेळी सुट्या कागदावर लिहा, वाचून झालं की बारीक फाडून टाका. बसायला गच्ची चालेल, दुपारचं रिकामं चर्च त्याहून बरं.

पत्रिकेच्या उदाहरणात तो असा उतरू शकतो:

'परमेश्वरा, अजून किती दिवस? पत्रिका मला कोणी दिलीही नाही, चुलत बहिणीने फोटो पाठवला. मी मोठा करून दोनदा वाचला, वाटलं नजरचूक असेल. बाबांच्या आजारपणात फिरकले नाहीत त्या मामांचं नाव आहे. माझं नाही. आईने वाचली असेल ना ती छापायच्या आधी? तिने काहीच म्हटलं नसेल? आणि तू, तू कुठे होतास?

आईचा फोन येऊ दे. नाही आला तर लग्नाच्या दिवशी, अकरा ते दोन, मला घरात एकटी ठेवू नकोस.

आज भरवशाचं एवढंच म्हणता येतं, की एवढं सगळं मी तुलाच सांगते आहे.'

यात तीन गोष्टी बघा. तक्रारीत मामा आहेत, आजारपण आहे, फोटो मोठा करून वाचणं आहे. 'लोकांनी मला दुखावलं' असं गोल वाक्य नाही. मागणीला वेळ आहे, अकरा ते दोन. आणि भरवशाचं वाक्य लहान आहे, पण खरं आहे. 'मी सर्वदा आनंद करीन' हे वाक्य आज खोटं वाटत असेल तर आज लिहू नका. एकही वाक्य सुचलं नाही तर स्तोत्र ८८ वाचा. ते अंधारातच संपतं, शेवटी उजेड नाही, आणि त्यात जिवलग दूर गेल्याची तक्रार आहे. तरीही ते पवित्र शास्त्रात आहे. जवळच्याच माणसाने दगा दिला असेल तर स्तोत्र ५५, वचनं १२ ते १४: शत्रूने निंदा केली असती तर सोसली असती, पण हा तर माझा सोबती, आम्ही मिळून देवाच्या घरी जात होतो.

यात चुकतं कुठे? पहिली चूक म्हणजे दुसऱ्याच ओळीत 'पण तुझी इच्छा पूर्ण होवो' लिहून मोकळं होणं. अटकेच्या रात्री गेथशेमाने बागेत येशूने ते म्हटलं, पण 'हा प्याला टळू दे' हे आधी म्हटलं, आणि तीच प्रार्थना तो पुन्हा पुन्हा करीत राहिला. दुसरी चूक, शाप मनात आला म्हणून घाबरणं. तो लिहा. स्तोत्र १०९ मध्ये याहून कडक मजकूर आहे. देवापुढे ठेवलेला शाप सुडाचा हक्क त्याच्या हाती सोपवतो. रोमकरांस १२:१९ तेच सांगतं. फक्त त्याचा फोटो काढून कोणाला पाठवू नका. तिसरी चूक ओळखायला अवघड असते. चार आठवड्यांनंतरही तक्रारीची वाक्यं शब्दशः तीच येत असतील आणि मागणीचा भाग रिकामा राहत असेल, तर तो विलाप उरलेला नाही, नुसतं उगाळणं चाललं आहे. मग तक्रार तीन मिनिटांवर आणा आणि मागणी दहा मिनिटं लिहा.

घटना एका रकान्यात, अर्थ दुसऱ्यात

नाकारलं जाण्याची घटना एकदाच घडते. तिचा अर्थ मात्र मन रोज सांगत राहतं, आणि खोटं शिरतं ते त्या अर्थात. वहीचं एक पान मधोमध दुमडा. डावीकडे फक्त घडलेलं लिहा, कोर्टात सांगाल इतकं कोरडं: 'पत्रिकेत माझं नाव नाही.' उजवीकडे मनाने काढलेला अर्थ: 'मी या घरची कधी नव्हतेच.' 'माझ्यातच काहीतरी खोट आहे.' 'देवालाही मी नकोच असेन.' उजवीकडे सहसा तीन ते पाच वाक्यं निघतात, आणि त्यातलं एक फार जुनं असतं, या घटनेच्या कितीतरी आधीचं. ते सापडेपर्यंत पान बंद करू नका.

मग त्या एका वाक्यासमोर एक शास्त्रभाग ठेवा. एकच. वचनपेटीतून चिठ्ठी काढावी तसं वचन उचलणं इथे कामाचं नाही, वाक्य आणि वचन यांची गाठ बसायला हवी. 'आईबापांनीच टाकलं' असं वाटत असेल तर स्तोत्र २७:१०. 'मला कोणी पाहतच नाही' असेल तर उत्पत्ती १६, जिथे घरातून पळालेली दासी हागार देवाला 'मला पाहणारा' असं नाव देते. संपूर्ण शास्त्रात देवाला नाव देणारी पहिली व्यक्ती हीच, घराबाहेर पडलेली परदेशी दासी. 'सगळ्यांनी मिळून मला काढलं' असेल तर बांधणाऱ्यांनी नाकारलेल्या दगडाचं स्तोत्र ११८:२२. ते येशूने स्वतःविषयी वापरलं. तो स्वकीयांकडे आला आणि स्वकीयांनी त्याला स्वीकारलं नाही, हे योहान पहिल्याच अध्यायात सांगून टाकतो. ज्याच्याकडे तुम्ही जात आहात तो त्या पत्रिकेबाहेरचाच आहे.

'आधी काहीतरी करून दाखवलं तर स्वीकारतील' हे वाक्य उजव्या रकान्यात असेल, आणि फार लोकांच्या असतं, तर लेआची गोष्ट सावकाश वाचा, उत्पत्ती २९:३१ ते ३५. याकोबाची नावडती बायको. पहिला मुलगा रऊबेन, आणि ती म्हणते, आता नवरा माझ्यावर प्रेम करील. दुसरा शिमोन, मी नावडती आहे हे परमेश्वराने ऐकलं. तिसरा लेवी, आता तरी नवरा मला जडून राहील. तीन बाळंतपणं तिने एकाच माणसाच्या नजरेसाठी काढली. चौथा यहूदा, आणि इथे पहिल्यांदा वाक्यात नवरा किंवा नावडतेपण नाही: 'आता मी परमेश्वराचे स्तवन करीन.' याकोब बदलला असं शास्त्र म्हणत नाही. आणि लेआ कायमची बरी झाली असंही नाही; पुढच्याच अध्यायात ती पुन्हा आपली बहीण आणि सवत राहेलीशी नवऱ्यावरून भांडते. एका दिवशी उमगलेलं पुन्हा निसटतं हे शास्त्राने लपवलेलं नाही. पुढे दावीद आणि येशू या यहूदाच्याच वंशात येतात.

त्याच्या शेजारी मार्क १:११ ठेवा. 'तू माझा प्रिय पुत्र आहेस' ही वाणी येशूला एकही चमत्कार, एकही प्रवचन करण्याआधी ऐकू आली. बाप्तिस्मा झालेल्या माणसाने इफिसकरांस १:४ ते ६ याच प्रकाशात वाचावं. निवडलं जाणं आधीचं आहे, पत्रिका नंतरची. रोज सकाळी चहाआधी उजव्या रकान्यातलं ते एक वाक्य आणि त्यासमोरचं वचन मोठ्याने वाचा, सहा आठवडे. पहिले दोन आठवडे हे पोपटपंचीसारखं वाटतं. वाटू द्या.

इथे एक इशारा द्यायलाच हवा. काही सभांमध्ये 'तुमच्यात नाकारलं जाण्याचा आत्मा आहे, तो काढला की झालं' असं सांगतात. हात ठेवून केलेल्या प्रार्थनेला आमचा विरोध नाही, आजाऱ्यासाठी तेल लावून करायची प्रार्थना याकोबाच्या पत्रात, अध्याय ५ मध्ये, आहेच. पण दुखावलेल्या माणसाच्या आत भूत आहे असं सांगणं हे नाकारण्यावर आणखी एक नाकारणं. आणि एका रात्रीत बरं वाटलं नाही की दोष पुन्हा त्याच्याच विश्वासाच्या माथी मारला जातो.

क्षमा: उधारीची वही

मत्तय १८ मधला, राजाने मोठं देणं सोडलेल्या पण सोबत्याला न सोडणाऱ्या दासाचा दृष्टांत बहुतेकांना पाठ असतो, पण त्यातले आकडे नीट पाहिलेले नसतात. राजाचं देणं दहा हजार तालांत, म्हणजे अनेक जन्मांत न फिटणारं. सोबतीच्या दासाचं देणं शंभर दिनार. एक दिनार म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी, तेव्हा शंभर दिनार म्हणजे तीन-साडेतीन महिन्यांची कमाई. ही क्षुल्लक रक्कम नाही. 'जाऊ दे, एवढं काय मनाला लावून घेतेस' हे वाक्य येशूच्या दृष्टांतात कुठेच नाही. क्षमा करणारा आधी देणं मोजतो, मगच ते सोडतो.

म्हणून वहीत नवीन पान घ्या आणि येणं लिहा, वाण्याच्या वहीसारखं, ओळीओळीने. भावाकडून: पत्रिकेतलं नाव. लग्नघरी हळद लावण्याचा बहिणीचा मान. 'प्रेसवाल्याची चूक' हे खोटं बोलून केलेला अपमान. आईकडून: गप्प राहणं. मोठ्या देण्यामागे दडलेली लहान देणीही लिहा, तीच रात्री टोचतात. यादी पूर्ण व्हायला दोन-तीन बैठका लागतात. पहिल्याच बैठकीत क्षमा उरकू नका, यादी संपली असं वाटल्यावर एक दिवस जाऊ द्या.

मग एकेक ओळ वाचून प्रत्येकीपुढे म्हणा: 'हे मला येणं होतं. ते मी दादाकडून वसूल करणार नाही. प्रभू, ते तुझ्या हवाली.' आणि ती ओळ खोडा. एखादी ओळ खोडवत नसेल तर तिच्यापुढे तारीख घाला आणि सोडा, पुढच्या आठवड्यात पुन्हा बघा. कॅथलिक असाल तर मनातला सूड घेऊन पापनिवेदनाला जा, पण तिथे आपलं पाप सांगा, भावाचं नको. प्रोटेस्टंट परंपरेत प्रभुभोजनाआधीची आत्मपरीक्षा याच कामासाठी आहे.

महिनाभराने लग्नाचा अल्बम कोणीतरी ग्रुपवर टाकतं आणि खोडलेली ओळ पुन्हा जिवंत होते. म्हणजे आधीची क्षमा खोटी होती असं समजू नका. 'किती वेळा क्षमा करू?' या प्रश्नावर पेत्राला येशूकडून मिळालेलं 'सातांच्या सत्तर वेळा' हे उत्तर सत्तर वेगवेगळ्या अपराधांनाच लागू आहे असं कुठे म्हटलंय? एकच अपराध सत्तर वेळा आठवतो, तेव्हाही तेच उत्तर. ओळ पुन्हा वाचा, पुन्हा खोडा. दर खेपेला कमी वेळ लागतो, हीच प्रगतीची खूण.

समेट: योसेफाचं गणित

क्षमा एकट्याला करता येते, समेटाला दोघं लागतात. रोमकरांस १२:१८ मध्ये दोन अटी एकाच वाक्यात आहेत: शक्य असेल तर, आणि तुमच्याकडून होईल तितकं. दोन्ही अटी पौलाने उगीच घातलेल्या नाहीत.

योसेफाला भावांनी विकलं तेव्हा तो सतरा वर्षांचा होता. मिसरचा राजा फारो याच्यापुढे उभा राहिला तेव्हा तीस. मग सुकाळाची सात वर्षं आणि दुष्काळाची दोन. म्हणजे भावांना ओळख दिली ती सुमारे बावीस वर्षांनी. मधल्या काळात मुलगा झाला, त्याचं नाव ठेवलं मनश्शे, कारण देवाने मला बापाच्या घराचा विसर पाडला. आणि दुष्काळात धान्यासाठी भाऊ समोर आले की हाच योसेफ आडोशाला जाऊन रडतो, एकदा नाही, दोनदा. विसर पडला म्हणणाऱ्याची ही स्थिती. तो लगेच गळ्यात पडत नाही. शिमोनाला अडकवतो, बन्यामीनाला आणायला लावतो, पेला गोणीत लपवतो. त्याला बघायचंय की धाकट्याला सोडून पळणारे हे भाऊ अजून तसेच आहेत का. यहूदा 'त्याच्याऐवजी मी गुलाम राहतो' म्हणतो, तेव्हाच योसेफ ओळख देतो. क्षमा मनात आधी झाली असेल. दार उघडलं ते भाऊ बदलल्याची खूण दिसल्यावर.

तुमच्या बाबतीत खूण कोणती, हे आधीच ठरवा, नाहीतर 'आता विसरा की जुनं' या पहिल्या गोड वाक्याला दार सताड उघडलं जातं. खूण लहान चालेल, पण ठोस हवी: भाऊ स्वतः फोन करून 'नाव मुद्दाम गाळलं होतं, चुकलं माझं' म्हणतो. त्याआधी तुमच्याकडून होईल तितकं म्हणजे एक निरोप, लहान आणि टोमण्याशिवाय: 'दादा, लग्नाला आशीर्वाद. पत्रिका पाहून वाईट वाटलं. तुला बोलावंसं वाटेल तेव्हा मी आहे.' एकदाच. आठवड्याला एक पाठवला की त्याची वसुली होते. स्वतःच्याच गावच्या नासरेथकरांनी येशूला कड्यावरून लोटायला नेलं तेव्हा तो त्यांच्यामधून निघून गेला, तिथे वाद घालत थांबला नाही. शोमरोनी गावाने जागा दिली नाही तेव्हा त्याचे शिष्य याकोब आणि योहान आकाशातून अग्नी मागत होते. येशूने त्यांनाच धमकावलं आणि सगळे दुसऱ्या गावी गेले. पुढच्या गावी निघून जाणं हीदेखील आज्ञाधारकता आहे.

मारहाण, धमक्या, पैशांची लुबाडणूक असेल तिथे समेटाचा विषय काढू नका, सुरक्षितता पहिली. स्त्रियांसाठी १८१ आणि तातडीला ११२. पाळक किंवा फादर 'परत जा, सहन कर' म्हणत असतील तर दुसऱ्या शहाण्या माणसाला विचारा. घरच्यांनी बोलणं टाकणं वेगळं, आणि जातपंचायतीने किंवा गावाने वाळीत टाकणं, रोटीबेटी-पाणी-दुकान बंद करणं वेगळं. दुसऱ्या प्रकाराला महाराष्ट्रात सामाजिक बहिष्काराविरुद्धचा २०१६ चा कायदा आहे, जुलै २०१७ पासून लागू. तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. तक्रार करणं म्हणजे क्षमा न करणं असं होत नाही. पौलानेही आपलं रोमी नागरिकत्व पुढे केलंच होतं.

बाप्तिस्मा घेऊन घराबाहेर पडलेल्यांसाठी थोडं कटू बोलायला हवं. घरच्यांच्या डोळ्यांत पहिलं नाकारणं तुमच्याकडून झालेलं असतं. देव्हारा, सण, आजोबांचं नाव, हे सगळं तुम्ही टाकलंत असं त्यांना वाटतं. कवी ना. वा. टिळकांनी १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला, तेव्हा टाकल्या गेल्या त्या त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई. त्या काही वर्षं नवऱ्यापासून दूर राहिल्या, मग दोघं एकत्र आली, आणि १९०० साली त्यांनी स्वतः बाप्तिस्मा घेतला. तो काळ लागला. तेव्हा उधारीच्या वहीत एक पान उलट्या बाजूनेही लिहा: त्यांना माझ्याकडून काय येणं वाटत असेल? श्रद्धा सोडायची नाही, पण आईच्या साठीला गेलो नाही, फोन उचलला नाही, तिच्या देवांची टिंगल केली, यातलं जे खरंच चुकलं असेल त्याची माफी आधी आपण मागायची.

कोणाला सांगायचं

एकट्याने यातलं काही पुरं होत नाही. तसंच महिला मंडळाच्या, कोणाच्या तरी घरी भरणाऱ्या कुटीर प्रार्थनेत सगळं ओतूही नका. 'प्रार्थनेचा विषय' म्हणून सांगितलेली गोष्ट रविवारपर्यंत तीन पेठा फिरून येते. एक माणूस निवडा, फार तर दोन. कसोटी एकच: त्याने इतरांची गुपितं तुम्हाला कधी सांगितलेली नसावीत. आणि मागणी स्पष्ट करा: 'सल्ला नको. पुढचे सहा बुधवार, अर्धा तास, मी वाचेन ते ऐका आणि माझ्यासोबत प्रार्थना करा.' मुदत घातली की समोरचाही तयार होतो आणि मध्येच गळत नाही. सहानंतर पुढचं बघू.

मंडळीनेच नाकारलं असेल, जातीवरून, घटस्फोटावरून, मूल नसण्यावरून, तर मत्तय १८:१५ ते १७ चा क्रम धरा: आधी एकांतात त्या माणसाशी, मग एक-दोघांना घेऊन, मग मंडळीपुढे. दोन प्रयत्नांनी काही झालं नाही तर दुसरी मंडळी शोधायला हरकत नाही, पण प्रभुभोजनापासून महिनोन्‌महिने लांब राहू नका. टेबल प्रभूचं आहे, त्या कमिटीचं नाही. पंडिता रमाबाईंचं १८९३ साल यासाठी आठवावं. त्यांनी विधवांसाठी काढलेल्या शारदा सदनातल्या धर्मांतराच्या वादावरून रानडे, भांडारकरांसारख्या मोठ्या माणसांनी सल्लागार समिती सोडली, पालकांनी मुली काढून नेल्या. दुसऱ्या बाजूला, इंग्लंडमधल्या ज्या मिशनरी स्त्रियांनी त्यांना आसरा दिला होता, त्यांनाही रमाबाई हव्या तशा वळत नव्हत्या. दोन्हीकडून तुटत असताना त्यांनी काम सुरू ठेवलं, आणि पुढच्या काही वर्षांत दुष्काळातल्या मुलींसाठी केडगावचं मुक्ती हे आश्रयस्थान उभं राहिलं. नाकारलेल्यांना नाकारलेलं माणूस पटकन ओळखतं. तरी एक पथ्य: जखम ओली असताना दुसऱ्याचं समुपदेशन करायला धावू नका. निदान सहा महिने जाऊ द्या, आणि उधारीच्या वहीत न खोडलेली एखादी ओळ उरली आहे का ते पाहून घ्या.

पुन्हा समोर यायची वेळ

नाताळ, बारसं, दहावा, कुठेतरी गाठ पडतेच. त्याची तयारी आठवडाभर आधी करा. किती वेळ थांबायचं ते ठरवून जा, दोन तास पुरे. परतीची गाडी आपली ठेवा, कोणाच्या भरवशावर राहू नका. तुमच्या बुधवारच्या माणसाला वेळ सांगून ठेवा, निघाल्यावर फोन करायचा. कोणी 'कशी आहेस?' विचारलं तर द्यायचं एक वाक्य आधीच ठरवा, 'बरी आहे, तुम्ही कसे आहात?' आणि 'अजून चर्चला जातेस का?' याला 'हो' एवढंच. वाद घालायची जागा पंगत नव्हे. आईजवळ पाच मिनिटं एकटं बसायला मिळालं तर बसा, पत्रिकेचा विषय काढू नका. निघताना लहानग्या पुतण्याच्या हातात करंज्यांचा डबा द्या. पत्रिकेतली ओळ त्याने लिहिली नव्हती.